उजवी बाजू

"उस्ताद, खरं सांगा. डावी बाजू बरोबर की उजवी?" कोस्तान्झाने विचारलं.

समोर शर्यतीची जुनी वाल्देरा गाडी लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. रंग खरवडून काढल्यामुळे ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा दिसत होता. गाडी पुन्हा उभी करायचं काम कोस्तान्झाच्या कारखान्याकडे आलं होतं. तिने यंत्राने गाडीचा कोपरान् कोपरा मोजला, तेव्हा पुढच्या उजव्या चाकावरचा फुगवटा डाव्यापेक्षा बोटभर जास्त भरला. म्हणून तिने म्हाताऱ्या एर्मेस मालागोलीला बोलावून घेतलं होतं. या गाडीचा पत्रा ठोकून घडवणाऱ्या दोघांपैकी तो एकटाच आता जिवंत होता.

एर्मेसचा चेहरा फुलला. "उजवी? अगं पोरी, उजवी त्या गाढवाने ठोकलीय, नेरिओने. डावी माझी. डावीच खरी!"

आणि सवयीने तो थांबला. पन्नास वर्षं तो हे बोलला की मागून नेरिओ बेल्लेईचा आवाज यायचा, "याची बाजू उपाशी मेलीय बघा. माझी कशी जेवूनखाऊन आलीय!" मग दोन-चार शिव्या, मग कॉफी. आज मागून कुणी काही बोललं नाही. कोस्तान्झाने मान डोलावली आणि संगणकावर काहीतरी टिपलं.

इटलीतल्या आमच्या मोदेनात त्या काळी गाडीचा नकाशा म्हणजे भिंतीवर खडूने ओढलेली रेघ. तारांचा सांगाडा वळवायचा, पत्रा झाडाच्या बुंध्यावर नि वाळूच्या पिशवीवर ठोकून त्याला गोलाई आणायची आणि तारांवर बसवायचा. शर्यत नेहमी डोक्यावर आलेली, म्हणून एका गाडीला दोन माणसं, एकेक बाजू वाटून घेतलेली. दोघांचे हात सारखे कसे पडणार? समोरून पाहिलं तर आमच्या सगळ्याच गाड्या जराशा तिरळ्या. पण समोरून पाहत बसायला कुणाला सवड होती? गाड्या तर पळत असायच्या.

ही पळाली तरी किती! पहिल्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत चोवीस तास पावसात धावून सातवी आली. पुढच्या वर्षी सिसिलीच्या डोंगरात दगडी कुंपणाला घासली, तेव्हा नेरिओने रस्त्याच्या कडेला बसून उजवी बाजू पुन्हा ठोकून दिली आणि चालकाला शिव्या घालत वाटेला लावलं. मग एका स्विस डॉक्टरने ती घाटातल्या शर्यतींत दामटली. नंतर कुणा शहाण्याने तिचं इंजिन काढून मोटरबोटीत घातलं. पुढे अमेरिकेत एका कोठारात वर्षानुवर्षं कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. कंपनी केव्हाच बुडाली. तिच्या बहिणी काही जळाल्या, काही भंगारात गेल्या. उरलेल्या या एकटीला मिलानच्या एका धनिकाने शोधून परत आणलं होतं.

नेरिओ जाऊन तीन हिवाळे झाले. त्याने लग्न केलं नव्हतं. थडग्यावर नाव आहे, खोलीत दुसरा भाडेकरू आला. एर्मेसची बायको त्याच्याही आधी गेली. मुलगा तोरिनोला असतो, रविवारी फोन करतो आणि हवा कशी आहे ते विचारतो. दुपारी एर्मेस बारमध्ये पत्ते खेळायला बसतो, पण रंगत नाही. नव्या पोरांना शिवी दिली की ती सॉरी म्हणतात. सॉरी म्हणणाऱ्याबरोबर माणूस खेळणार तरी काय?

त्या दिवशी निघताना त्याने उजव्या फुगवट्याच्या आतून हात फिरवला. हातोडीचे ठोके बोटांना लागले, दाट आणि जरा आडवे. नेरिओ डावखुरा होता.

"भेटला गं," एर्मेस म्हणाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. गाडी झाली की मला बोलाव. विसरू नकोस."

बसमध्ये तो एकटाच हसत होता. नेरिओ या जगात आता एवढाच उरलाय, पण उरलाय, याचंच त्याला फार बरं वाटत होतं.

वसंतात फोन आला. गाडी तयार होती, मालक येणार होते, फोटोवालाही. एर्मेसचा खोकला गेला नव्हता आणि डॉक्टरने घरात बसायला बजावलं होतं. तरी तो लोकरीचा कोट चढवून निघाला. मालकाशी आणि फोटोशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त नेरिओचा तो हात पुन्हा एकदा हाताला लागायला हवा होता.

गाडी लालभडक झाली होती. कुणाशी न बोलता एर्मेस सरळ उजव्या बाजूला गेला आणि चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवून वर सरकवला. जिथे हात चढायला हवा होता तिथे तो चढला नाही. त्याने आतून चाचपून पाहिलं, तिथे कुणाचेच ठोके नव्हते. तो डावीकडे गेला, परत उजवीकडे आला. दोन्हीकडे त्याचा स्वतःचाच उतार होता.

"बघितलंत?" कोस्तान्झा आनंदाने म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. आरशात दिसावी तशी डावी बाजू उजवीकडे उतरवली. केसभरही फरक नाही."

"मी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, डावीच खरी म्हणून!"

"आणि जुना पत्रा?"

"अहो, तो सगळा तडकला होता. नाताळच्या आधीच भंगारवाल्याने नेला."

"म्हणजे आता अख्खी गाडी तुमच्याच हातची, उस्ताद!" मालक म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

एर्मेसने कोस्तान्झाकडे पाहिलं. पोरीचं काय चुकलं होतं? आपल्या जोडीदाराला गाढव म्हणणं म्हणजे काय, हे मोदेनातल्या कुठल्याही पत्रा ठोकणाऱ्याला न सांगता कळलं असतं. पण तसा आता उरला होता कोण? आणि नेरिओला त्याने स्वतःच्या तोंडाने भंगारात घातलं होतं.

त्याने कोट काढून कोस्तान्झाच्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या.

"हातोडी आण. लाकडी. आणि वाळूची पिशवी."

"कशाला?"

"उजवी बाजू चुकलीय. बोटभर बाहेर काढायचीय. मी करतो, फार वेळ नाही लागायचा."

मग मालक पोट धरून हसायला लागले. "ऐकलंत? याला म्हणतात मोदेनाचा माणूस! एवढा खर्च झाल्यावर म्हणे हातोडी आणा!"

फोटोवाल्याने धडाधड फोटो घेतले. कोस्तान्झाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "उस्ताद, तुमची थट्टा म्हणजे ना!"

"थट्टा नाही करत, पोरी."

त्यावर तर सगळे जास्तच हसले.

एर्मेस थोडा वेळ हात पुढे करून उभा राहिला. हातोडी कुणी आणली नाही. मग कोस्तान्झाने कोट उघडून धरला. त्याने एक बाही घातली, मग दुसरी, आणि खाली मान घालून एकेक बटण लावत राहिला.