रिकामी चौकट

परवान्याची तपासणी उद्या दहाला, आणि दुपारी दोन वाजता बाईंच्या टेबलावर अकरा फायली अजून आ वासून पडलेल्या. घरोघरी रुग्णसेवा पुरवणारी ही संस्था बाईंनी एका खोलीत सुरू केली होती. आता खोल्या दुप्पट झाल्या होत्या आणि झोप निम्मी.

प्रत्येक रुग्णाच्या घरी रोजचा तक्ता असे : रक्तदाब, औषध, कूस बदलली का, टाचा पाहिल्या का. काम झालं की परिचारिकेनं चौकट भरायची. पण कधी काम होतं नि लिहायचं राहतं, कधी कामच राहतं. म्हणून तपासणीआधी आठवडाभर बाई फायली मागवून, रिकाम्या जागा भरून परत पाठवत. त्यातही कसब होतं. पेन कधी निळं, कधी काळं. रक्तदाब कधी १२८, कधी १३२. सलग एकच आकडा लिहिण्याइतक्या बाई कच्च्या नव्हत्या!

तेवढ्यात संस्थेतली सर्वांत जुनी परिचारिका आली. तिला सगळे मावशी म्हणत. आज ती एका नव्या मुलीच्या बदली अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांकडे गेली होती. तिथली फाईल तिच्या हातात होती.

"मास्तरांच्या टाचेला पडून पडून जखम झालीय, बाई. बटणाएवढी. डॉक्टर येऊन गेले."

आधीची नवी मुलगी तीन दिवस काय करत होती, असं बाईंनी तडकून विचारलं.

"तक्ता वाचत होती. त्याआधीचे आठ दिवस ओळीनं 'टाचा पाहिल्या, ठीक'. तिला वाटलं, इतकं बघतायत, तर आपण दोन-तीन दिवस नाही बघितलं म्हणून काय बिघडतं."

"लिहिलं कुणी असं?"

मावशीनं फाईल उघडून पुढे सरकवली. निळं, काळं, निळं, काळं.

बाईंनी फाईल मिटली. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "परवाना गेला तर एकेचाळीस घरांकडे कोण बघेल?"

"आत्ता कोण बघतंय?" मावशी शांतपणे म्हणाली. "रिकामी चौकट मागून येणारीला हाक मारते, बाई, की हे राहिलंय, तू कर. आपण तिचं तोंड दाबलं."

संध्याकाळी बाई मास्तरांच्या घरी गेल्या आणि सगळं कबूल केलं. मास्तरांच्या मुलीनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते रास्तच होतं. मास्तर मात्र उशीवरून म्हणाले, "कॉपी करणाऱ्याला मी शून्य द्यायचो. कबूल करणाऱ्यालाही शून्यच. पण त्याला परत परीक्षेला बसवायचो."

दुसऱ्या दिवशी तपासनिसापुढे सगळ्या फायली गेल्या. आपण भरलेल्या प्रत्येक नोंदीवर बाईंनी एक रेघ मारली होती. शेजारी 'हे काम झाल्याची खात्री नाही' आणि सही. तपासनिसानं ताशेरे ओढले, महिन्याची मुदत दिली, नवे रुग्ण घ्यायला बंदी केली. त्या दिवसापासून रोज सकाळी कालच्या रिकाम्या चौकटी मोठ्यानं वाचायच्या आणि ती कामं आधी करायची, असा नियम झाला.

वाचकहो, राहिलेलं काम कागदावर झालं म्हणून होत नाही. फक्त ते राहिल्याचं कुणाला कळेनासं होतं. कागद तपासनिसाला फसवण्याआधी उशाशी बसलेल्या माणसाला फसवतो.

महिन्यानं तपासनीस पुन्हा आला. मास्तरांच्या टाचेची जखम भरत आली होती. तक्त्यात दोन चौकटी रिकाम्या होत्या, आणि बाईंनी त्या स्वतःहून बोट ठेवून दाखवल्या.