रणोजीरावांची बोणी

जयवंतीच्या वेबसाइटवरच्या जाहिराती एका सकाळी गायब झाल्या, तेव्हा ती रडली नाही, चिडली. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घरात जयवंती चिडली म्हणजे ती कामाला लागली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा सुदीप मुकाट्याने कॉफी करायला उठला.

साइट रेशमी साड्यांच्या रंगांविषयी होती. नव्या साडीचा रंग कसा टिकवायचा, लाल काठाचा रंग पदरावर उतरला तर काय करायचं, हळदीचा डाग कशाने जातो, हे सगळं ती कन्नडमध्ये लिही. वाचणाऱ्यांना ते फुकट मिळे, आणि पानांवर दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे एक कंपनी जयवंतीला देई. त्या जोरावर तिने साडीच्या शोरूममधली नोकरी सोडली होती. "येशील परत," मालक हसत म्हणाला होता, आणि काही झालं तरी परत जायचं नाही हे तिने त्याच पायरीवर ठरवलं होतं.

कंपनीचा निरोप रोखठोक होता. तुमच्या जाहिरातींवर संशयास्पद क्लिक होत आहेत. रोज सकाळी, म्हैसूरमधूनच, आणि पान न वाचता. खुलासा एकदाच करता येईल. तो पटला नाही तर खातं कायमचं बंद.

रोज सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला! इतकं वक्तशीर प्रेम करणारा तिच्या ओळखीत एकच माणूस होता.

रणोजीराव तिचे चुलते. घराणं रंगाऱ्यांचं, पण कापड रंगवायच्या भट्ट्या कधीच विझल्या होत्या आणि आता शिवरामपेटेत त्यांचं ब्लाउजपीस मॅचिंगचं दुकान होतं. नात्यागोत्यात त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्यांचा एक नियम होता. आपल्यातल्या कुणी धंदा काढला की सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आपलंच जायला हवं, आणि काहीतरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. ही बोणी. भाच्याने सलून काढलं तेव्हा चांगलं चकचकीत टक्कल असूनही पहिले खुर्चीत बसले ते रणोजीरावच.

आणि हे दिवे जयवंतीनेच पाजळले होते. कुणाच्या तरी बारशाला तिने त्यांना हौसेने समजावलं होतं, की कोणी जाहिरातीवर बोट दाबलं की मला पैसे मिळतात. तेव्हा ते खरंही होतं. पुढे कंपनीने सगळा हिशेबच बदलला. आता पैसे जाहिरात दिसण्याचे मिळत, दाबण्याचे नाही, आणि कोण कशासाठी दाबतो यावर कडक पहारा बसला. हे मात्र तिने काकांना सांगितलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

साइटचं तांत्रिक काम बघणारा मंजुनाथ फोनवर म्हणाला, "जया अक्का, कुठला तरी बॉट होता असं लिहून टाका. सगळे तेच लिहितात."

"बॉट माझ्या काकांइतका वेळेवर येत नाही," ती म्हणाली. "मी खरं तेच लिहिणार."

पण खरं लिहायचं तर पुन्हा असं होणार नाही हेही लिहावं लागणार होतं. त्यासाठी रणोजीरावांना 'नको' म्हणायला हवं होतं, आणि त्या घराण्यात ते धाडस आजवर कुणी केलेलं नव्हतं. जयवंतीने स्कूटर काढली आणि थेट काकांचं दुकान गाठलं.

"काका, माझ्या साइटवरच्या जाहिराती तुम्हीच दाबता ना?"

"मी एकटा कशाला? सगळ्यांना कामाला लावलंय. घरच्या ग्रुपवर रोज विचारतो, जयाची बोणी झाली का म्हणून. तुझी काकू गौराबाई तर दोनदा दाबते, नोड, बघ की!" ते कौतुकाची वाट बघत राहिले.

"त्यानेच माझं खातं थांबवलंय, काका. कायमचं बंद होईल."

रणोजीरावांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "बोणीला चोरी म्हणणारे लोक? असल्यांशी धंदा करतेस तू?"

"करते. काल कसली जाहिरात दाबलीत?"

"सोफ्याची होती, वाटतं."

"तुम्हाला सोफा घ्यायचाय?"

"मला कशाला सोफा?"

"तुमच्याकडे रोज कुणी येऊन सगळे तागे उलगडायला लावले आणि न घेताच गेलं, तर?"

हा दाखला रणोजीरावांच्या वर्मी बसला. ते म्हणाले, "मत्ते, मग मी काय करू, जया? तू एकटी झगडतेस, आणि आम्ही सुम्ने, गप्प बसून बघायचं?"

या माणसावर जयवंतीचा जीव होता, म्हणूनच तिने आवाज मऊ केला नाही. "वाचा, काका. जाहिरातीला हात लावू नका, मी लिहिलंय ते वाचा."

काकांनी नजर फळीवरच्या कापडांकडे वळवली, आणि तिला कळून चुकलं, की इतके महिने इतकी बोटं पडली, पण वाचलं कुणीच नव्हतं. खातं थांबण्यापेक्षा तिला हे जास्त लागलं.

घरी येऊन तिने खुलासा लिहिला. क्लिक माझ्या काकांचे आणि नातलगांचे आहेत. जुना नियम मी त्यांना सांगितला, नवा सांगायचा राहिला. आता सांगितला आहे. मंजुनाथने कपाळाला हात लावला. तिकडे रणोजीरावांनी ग्रुपवर फर्मान काढलं, की जयाच्या जाहिरातीला जो बोट लावेल त्याच्या घरच्या कार्याला मी येणार नाही. एवढी जरब कुठल्या कंपनीच्या नियमाला असणार!

खुलासा मान्य झाला. जाहिराती परत दिसू लागल्या तेव्हा जयवंती सुदीपला म्हणाली, "होणारच होतं." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने एकटीने डोळे पुसले.

त्या रविवारी रणोजीराव घरी आले. चष्मा पुसून संगणकासमोर बसले आणि चुकून कुठे स्पर्श होऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पहिल्यापासून दाखव," म्हणाले. शाळा कन्नडमधून झालेली, तेव्हा वाचायला अडचण नव्हती. ते मोठ्याने वाचू लागले.

"रंग मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या काकांच्या भट्टीशेजारी बसून शिकले. ओलं कापड उन्हात धरून ते मला विचारत, वाळल्यावर हा रंग कसा दिसेल सांग. मी चुकायचे. ते कधी रागावले नाहीत. म्हणायचे, पुन्हा बघ."

आवाज थांबला.

"हे कधी लिहिलंस?"

"पहिल्याच दिवशी, काका. पहिलंच पान आहे हे."

रणोजीरावांचे डोळे भरून वाहू लागले, पण पुसायलाही त्यांनी हात सोडले नाहीत.

"खाली सरकव," ते म्हणाले. "मी हात लावत नाही."