अनिकेतभाऊंनी ओळखलेली खिरापत

दिग्रसमध्ये आमच्या कॉलनीची भुलाबाई रत्नप्रभाकाकूंच्या अंगणात बसायची. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. कोजागिरीच्या संध्याकाळी गल्लीतल्या मुली गाणी म्हणायच्या आणि झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायच्या. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. एवढंच. यासाठी कधी कुणाला अध्यक्ष व्हावं लागलं नव्हतं.

यंदा काकूंचे यजमान मधुसूदनराव निवृत्त झाले. सगळी नोकरी साहेबांपुढे वाकून काढलेली. कचेरी सुटली तरी वाकायची सवय सुटेना. त्यांनी संस्कृती वाचवायला घेतली. मंडळ काढलं, भुलाबाईसाठी चौकात स्टेज बांधलं, फलक लावला. फलकावर हात जोडलेले मधुसूदनराव, त्यांच्या दुप्पट आकाराचे 'भावी नगरसेवक' अनिकेतभाऊ, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी भुलाबाई.

दुपारी ते स्वयंपाकघरात आले.

"खिरापत काय केलीस?"

"संध्याकाळी कळेल."

"अगं, भाऊंना सांगून ठेवावं लागेल. स्टेजवर ते ओळखणार आहेत. चुकले तर कसं दिसेल?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चिमुकल्या पोरींचा खेळ, आणि त्यातही या माणसाला पेपर फोडायचा होता!

"खोबऱ्याच्या वड्या," त्या म्हणाल्या.

मधुसूदनराव फोन कानाला लावतच बाहेर पडले. शेजारची उज्ज्वला दारात उभी राहून ऐकत होती. तिचं माहेर फुलसावंगीकडच्या तांड्यावरचं; लग्न होऊन ती या गल्लीत आलेली.

"काकू, डब्यात तर शिंगाडे भरून राह्यल्या तुम्ही. खोटं काहून सांगितलं?"

"मग काय, खरं सांगून फितूर होऊ?"

संध्याकाळी मुली नटूनथटून आल्या. पण भाऊ आल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही, असा अध्यक्षांचा हुकूम. चंद्र वर आला, दुधावर साय धरली, लहान मुली खुर्च्यांवर पेंगू लागल्या. मग फटाके वाजले आणि भाऊ अवतरले. भाषणात त्यांनी भुलाबाईला तीनदा 'भुलादेवी' म्हटलं. मधुसूदनरावांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

डबा पुढे आला. भाऊंनी तो कानाशी नेला, डोळे मिटले, कॅमेऱ्याकडे तोंड वळवलं.

"माझ्या आजीच्या हातची आठवण आली. खोबऱ्याच्या वड्या!"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. "नाही!" मुली एका सुरात ओरडल्या. पेंगणाऱ्याही जाग्या झाल्या.

भाऊंनी मधुसूदनरावांकडे पाहिलं. मधुसूदनरावांनी काकूंकडे पाहिलं. काकू भुलाबाईपुढच्या दिव्याची वात सारखी करत होत्या.

"पेढे?"

"नाही!"

"बर्फी? लाडू? अरे, काय आहे ते सांगा ना!"

"सांगायचं नसते, ओळखायचं असते!" उज्ज्वलाची मुलगी ममता पुढे झाली. तिने डबा हातात घेऊन खळखळ हलवला, झाकणाच्या फटीला नाक लावलं. "शिंगाडे! उकडलेले!"

मुलींनी एकच गलका केला. त्या गलक्यात भाऊंना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. ते निघाले, मागोमाग कॅमेरा, मागोमाग कार्यकर्ते, आणि सगळ्यांच्या मागे माफी मागत मधुसूदनराव. चौकात मुली आणि बाया तेवढ्या उरल्या. मग कुठे गाणी सुरू झाली, आणि शिंगाडे सोलता सोलता पोरींनी एकही गाणं शिल्लक ठेवलं नाही.

घरी आल्यावर मधुसूदनराव गरजले, "माझी सगळ्यांसमोर इज्जत घालवलीस!"

"कोणती?" काकूंनी विचारलं, आणि त्या दुधाचं पातेलं घासायला बसल्या.

सकाळी गावच्या पेपरात बातमी होती. मधुसूदनरावांनी ती आदल्या दुपारीच पाठवलेली. 'अनिकेतभाऊंनी खिरापत क्षणात ओळखली; महिलावर्गात आनंदाचे वातावरण.'

काकूंनी ती उज्ज्वलाला मोठ्याने वाचून दाखवली. दोघी इतक्या हसल्या की आत दाढी करणाऱ्या अध्यक्षांनी दार लावून घेतलं.