राखेचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना, फुटका ठोकळा आहे. जुना म्हणजे दोनच पावसाळ्यांचा. पण माझ्यासारख्या उतावळ्याला एका जागी दोन वर्षं म्हणजे जन्मठेपच की!

माझा जन्म लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला. चाकूरची ज्योत्स्ना तिथं संशोधन करत होती. सिमेंट कमी लागावं म्हणून तिनं काँक्रीटमध्ये साखर कारखान्यातली चिपाडाची राख मिसळली आणि मला साच्यात घातलं. तिचे वडील साहेबराव, हाडाचे गवंडी. ते हसले. "राखेनं भांडी घासत्यात पोरी, घरं न्हाई बांधत." मला अस्सा राग आला! शेवटी ठरलं, साध्या सिमेंटच्या ठोकळ्याइतका दाब मी सोसला, तर चाकूरच्या नव्या खोलीला राख वापरायची.

त्यासाठी मला अठ्ठावीस दिवस पाण्यात राहायचं होतं. काँक्रीट पाण्यातच बळ धरतं. मी एकेक दिवस मोजत होतो. दहाव्या दिवशी प्रयोगशाळेतले शिपाई शेषेराव आले. भर उन्हाळा, गल्लोगल्ली टँकर, आणि हौदात ठोकळे डुंबतायत! "दगडाला काय तहान लागती व्हय?" म्हणत त्यांनी सगळं पाणी उपसून झाडांना घातलं. पुढं चार दिवस सुट्टी. मी कोरडा ठणठणीत! ज्योत्स्ना परतली आणि रिकामा हौद बघून बादली घेऊनच धावली. तिनं पुन्हा पाणी भरलं, पण माझा धीर सुटला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी साहेबराव स्वतः आले. यंत्र मला दाबू लागलं. मी जीव खाऊन तग धरला, आणि फुटलो. आकडा थोडा कमीच पडला.

शेषेराव ओशाळले. "म्याडम, चूक माझी हाय. लिवा की वाढवून. कोण बघतंय?"

"कुणी बघो न बघो," म्हणत ज्योत्स्नानं खरा आकडा लिहिला. शेजारी 'चार दिवस कोरडा' हेही लिहिलं.

साहेबरावांनी माझे तुकडे गुपचूप पिशवीत भरले. "खोलीचं मागून बघू. आधी घरी दारापुढं राखेचा ओटा करू."

तेव्हापासून मी खडी होऊन त्या ओट्यात आहे. रोज सकाळी साहेबराव टाच आपटून बघतात आणि कामावर निघून जातात. जीव नुसता टांगणीला! मित्रांनो, कुणाचं बळ जोखायचं असेल, तर आधी त्याचे दिवस पुरे भरू द्या, एवढंच माझं मागणं.

काल खोलीचा पाया खणून झाला. साहेबरावांनी टाच आपटली, वाकून हातानं मला चाचपलं आणि घरात हाक मारली, "ज्योत्स्ना, कारखान्यात आणखी राख मिळंल का गं?"