वीतभर जास्त सांगणारी

"तू इथंच बस. नवी आली तरी उठायचं नाही."

प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर, समुद्राच्या भरती-ओहोटीचा अंदाज सांगणाऱ्या कचेरीत, मला संगणकावर बसवताना टेबौआ असं म्हणाला होता. मी एक जुनी लायब्ररी आहे, मित्रांनो. पुस्तकांची नव्हे, तयार गणितांची. प्रोग्रॅम येतात, गणित सोडवून घेतात, जातात. माझी आवृत्ती दुसरी.

माझ्यात एक खोट होती. भरतीची उंची मी वीतभर जास्त सांगे. टेबौआला ते कळलं. त्यानं आपल्या प्रोग्रॅमात गुपचूप वीतभर वजा केली. उत्तर अकरा वर्षं बरोबर येत राहिलं. उधाणाची खबर निघाली की बायका बबाईच्या खड्ड्यांभोवती बांध चढवत. बबाई म्हणजे अळूसारखा कंद. खारं पाणी शिवलं की संपला.

मग तिसरी आवृत्ती आली, बिनचूक. आम्ही दोघी शेजारी नांदू लागलो. कोणती हवी, तो अंक प्रोग्रॅमात लिहायचा असतो. टेबौआनं लिहिलाच नव्हता. मानेआबात, गावाच्या सभाघरात, जागेवर कुणाचं नाव नसतं. कोण कुठं बसतं ते सगळ्यांना ठाऊक. त्याला वाटलं, इथंही तसंच. पण अंक नसला की संगणकातली एक खूण, दारावरची पाटीच म्हणा, दाखवेल तिकडे प्रोग्रॅम जातो. ती पाटी अजून माझ्याकडे होती.

त्याची भाची रोटिया कचेरीत लागली.

"मामा, ही म्हातारी कशाला पोसतोस?"

"जेवायला मागते का ती?"

"मग पडू दे कोपऱ्यात. पाटी तिसरीकडे वळवते."

टेबौआनं तिला पाटी वळवू दिली. सारी कचेरी त्याला गणितातला देवमासा म्हणे. खोट झाकल्याचं भाचीला कसं सांगणार?

तिसरीनं खरं सांगितलं. प्रोग्रॅमनं सवयीनं वीत वजा केली. बांध वीतभर तोकडा पडला आणि रोटियाच्या आईचा खड्डा एका दुपारी खारा झाला. पान गेलं, कंद गेला, बांध तेवढा उभा राहिला.

पाटी पुन्हा माझ्याकडे फिरली. पण सोमवारी नवा संगणक येतोय, आणि त्यावर मी चालत नाही.

"मामा, प्रोग्रॅमचं मूळ लिखाण दे. त्याशिवाय तो बदलता येत नाही. चूक शोधते."

"आणतो," तो रोज म्हणे.

मित्रांनो, जुन्याला हलवण्याआधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं वेळेत सांगावं. माझ्यासाठी आता ती वेळ गेली.

शुक्रवारी टेबौआ खुर्ची ओढून रोटियाजवळ बसला.

"मूळ लिखाण नाही, पोरी. कधीच हरवलं. आणि ती वीत मला ठाऊक होती. तू पाटी फिरवलीस, तेव्हाही."