आवाज देवकीचा

शहाऐंशी साली मार्तंडच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक नवीनच स्पर्धा निघाली. मुलांनी स्वतः गाणं लिहायचं, स्वतः गायचं आणि त्याची पाच मिनिटांची व्हिडिओ फिल्म करायची. जी पहिली येईल ती विद्यापीठात जाणार. मार्तंडने गाणं लिहिलं. त्याच्या दोस्तानं, ओमप्रकाशनं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कॅमेरा मिळवला. आणि गाण्यासाठी दोघांनी देवकीला गाठलं.

देवकी त्यांच्याच वर्गातली, इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत राहणारी. तिचे वडील देवराव धंतोलीतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. लहानपणापासून ती विहारातल्या कार्यक्रमांत गायची, त्यामुळे माईकची भीती तिला ठाऊकच नव्हती. अंबाझरी तलावाच्या बांधावर उभी राहून ती गायली, 'ऊन पायरी उतरून गेलं, तू काहून नाही आला'. मार्तंड कॅमेऱ्यामागे होता आणि त्याच्या हातावर काटा आला. वरचा सूर लावताना तिचा डावा डोळा मिटायचा, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. त्यात काही खटकण्यासारखं आहे, असं त्या दिवशी त्याच्या मनातही आलं नाही.

स्पर्धेचं काम मधुसूदन सरांकडे होतं. ते म्हणाले, "आधी चार परक्या लोकांना दाखवा. तुम्ही मागं बसा, तोंड बंद ठेवा. लोक कुठं चुळबुळतात, कुठं गप्प होतात, ते बघा. मग काय कापायचं ते ठरवा."

व्हीसीआर ओमप्रकाशच्या घरी होता. गांधीबागेत खाली त्यांचं कापडाचं दुकान आणि वर माडी. रविवारी दुपारी पडदे ओढून घरचे, शेजारचे, दुकानातले असे वीसपंचवीस जण तिथं दाटीवाटीनं बसले. पहिलं कडवं सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग देवकीचा चेहरा पडदाभर आला, सूर वर चढला आणि डोळा मिटला.

"अगंबाई, हे डोळा काहून मारून राहिली?" ओमप्रकाशची काकू म्हणाली आणि माडी हसायला लागली.

लोक आपल्या कामाला हसायला लागले, की त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं. त्यानं मनाला कमी लागतं. मार्तंडही हसला. नुसता हसला नाही, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

"कुठची हो पोरगी?" काकूनं विचारलं.

"इंदोऱ्याची," ओमप्रकाश म्हणाला.

"असं होय," कोणीतरी म्हणालं. त्या दोन शब्दांचा अर्थ माडीवरच्या प्रत्येकाला कळला. मार्तंडलाही कळला.

"गाण्यापुरती घेतली आहे काकू," तो म्हणाला. "चेहरा बदलून टाकू."

पडदे उघडले तेव्हा जिन्याच्या दाराशी देवकी उभी होती. बस उशिरा मिळाली, म्हणून ती मागाहून आली होती आणि अंधारात कोणाला अडचण नको म्हणून तिथंच थांबली होती. तिनं मार्तंडकडे पाहिलं. "येतो मी," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिच्या मागे जायला हवं होतं. तो गेला नाही. काकूनं पुढ्यात ठेवलेली चिवड्याची बशी त्यानं उचलली.

पुढचे आठ दिवस तो स्वतःला एकच गोष्ट बजावत होता, की सरांनीच लोकांचं ऐकायला सांगितलं होतं आणि आपण ते ऐकलं. ओमप्रकाशची मामेबहीण इंदू दिसायला देखणी होती. देवकीचा आवाज आधी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला आणि इंदूला बांधावर उभं करून त्यावर ओठ हलवायला लावले. दुसरी कॅसेट जवळ नव्हती, म्हणून देवकीचं शूटिंग होतं त्याच कॅसेटवर इंदूचं केलं. शेवटी येणारी नावांची पाटी लोक बघत नाहीत, उठून जातात, म्हणून तीही काढली. देवकी कॉलेजात दिसायची. तो वाट बदलायचा.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मार्तंडच्या फिल्मवर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. सरांनी प्रेक्षकांना बोलायला सांगितलं. एक मुलगा उठून म्हणाला, "पोरगी दिसतेही छान आन गातेही छान." इंदू लाजली. मार्तंड मंचावर हातात माईक घेऊन उभा होता. इंदू गायलेली नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठला. खाकी पँट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना इंदोऱ्याची दहाबारा माणसं बसली होती, ठेवणीतल्या लुगड्यांतल्या बायका होत्या. देवकी त्यांच्यात नव्हती. मार्तंडला एकदम सगळं उमगलं. देवकीनं घरी काही सांगितलंच नव्हतं. आपली पोरगी पडद्यावर दिसणार, म्हणून बाप मोहल्ला घेऊन आला होता.

"मी देवराव," तो माणूस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गाणं चांगलंच झालं. पण आवाज माह्या पोरीचा आहे. तेवढंच सांगाचं होतं." आणि तो खाली बसला.

सभागृह मार्तंडकडे बघायला लागलं. त्याचे कान तापले. "काका, ते... थोडी तांत्रिक अडचण आली होती," तो म्हणाला. "कॅसेट खराब झाली."

देवरावनं मान हलवली. त्याचा विश्वास बसला होता, आणि मार्तंडला तेच सहन होईना. रागावला असता तर बरं, असं त्याला वाटलं. बाहेर जाताना एक बाई देवरावला म्हणत होती, "जाऊ द्या भाऊ, मशीनचं काय खरं असते!"

फिल्म पहिली आली. मार्तंड घरी जेवला नाही. सकाळी उठून तो थेट मधुसूदन सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, आमची फिल्म विद्यापीठात पाठवू नका. मी परत घेतो."

"कारण?"

"खोटी आहे सर."

सर म्हणाले, "मग खरी करून आण."

"जुनं शूटिंग पुसलं गेलं. आणि पाठवायची शेवटची तारीख आजचीच आहे."

सरांनी दुसऱ्या नंबरची फिल्म पाठवली. ओमप्रकाशनं भर कँटीनमध्ये मार्तंडला शिव्या घातल्या, आणि त्या खाताना मार्तंडला जरा बरंही वाटलं. काहीतरी गमावलं, म्हणजे काहीतरी फिटलं, असा त्याचा हिशेब. त्याच तोऱ्यात तो संध्याकाळी इंदोऱ्याला गेला.

देवकी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. ती उठली नाही.

"कॅसेट खराब नव्हती झाली," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. मी काकांची माफी मागायला आलो. आणि फिल्म मी परत घेतली आहे, विद्यापीठात जाणार नाही."

देवकीचे हात थांबले. "परत घेतली? मले विचारलं होतं का?"

मार्तंडनं मान खाली घालून तिच्या सुपातल्या तांदळाकडे पाहिलं.

"चेहरा काढला तेव्हा विचारलं नाही. आता आवाजही काढून टाकला, तेव्हाही नाही. त्याच्यात माहा आवाज होता नं? विद्यापीठात कोणी तरी ऐकला असता. नाव सांगाले तुले काय झालं होतं?"

"मला लाज वाटली..."

"तुले लाज वाटली म्हणून नुकसान माहं? तू तुहीच लाज धुवून राहिला मार्तंड."

वाटेत पाठ केलेलं त्याचं सगळं बोलणं तिथंच संपलं. येताना जे हलकं वाटत होतं, त्याचीच त्याला आता दुप्पट लाज वाटली. देवराव दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कालची ती मान आज हलली नाही. "पोरीशी बोलून घे," एवढंच म्हणून तो आत गेला.

मार्तंडनं विचारलं, "मग काय करू? तू सांग."

हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता. देवकीनं सूप बाजूला ठेवलं. "पुन्हा काढायचं. इथंच, माह्या घरी. आन पहिले इथल्या लोकाईले दाखवायचं."

ओमप्रकाश आला नाही, पण कॅमेरा अडवून धरला नाही त्यानं. मार्तंड रोज दुपारी येऊ लागला. देवकी घराच्या पायरीवर बसून गायली. कॅमेरा कुठं ठेवायचा, हे तो दर वेळी विचारायचा. इतकं विचारायचा की ती वैतागली, "आता घेशील का? सगळं मीच सांगू का?" डोळा मिटला तेव्हा त्यानं कॅमेरा हलवला नाही.

एका रविवारी सकाळी शेजारच्यांचा टीव्ही ओट्यावर मांडला आणि भाड्यानं आणलेला व्हीसीआर त्याला जोडला. ऊन लागू नये म्हणून वर सतरंजी ताणली. मार्तंड सगळ्यांत मागे बसला. इथं हसले तर आपण काय करू, याची त्याला स्वतःचीच खात्री नव्हती.

सूर चढला, डोळा मिटला आणि दोन पोरं खरंच हसली. मार्तंड हसला नाही. देवकीच मात्र तोंडावर पदर घेऊन हसली, "माय वं, कशी दिसून राहिली मी!"

मग लोक बोलले. पहिल्या कडव्यात तिचं तोंडच नीट दिसत नाही, एकजण म्हणाला. मधेच झाड कशाले दाखवलं, दुसऱ्यानं विचारलं. शब्द ऐकू येत नाहीत, भांडे घासायचा आवाज मधात येऊन राहिला. मार्तंडनं सगळं ऐकलं. एकाही गोष्टीवर त्यानं सबब सांगितली नाही.

शेजारच्या पार्वतीबाई, त्या दिवशी सभागृहात देवरावची समजूत घालणाऱ्या, पुढं सरकून म्हणाल्या, "पहिलीपेक्षा हे बरं झालं का गा? देवकीची पहिली त आम्ही पाहिलीच नाही. मशीननं खाल्ली म्हणते."

देवराव खांबाला टेकून मार्तंडकडे बघत होता. त्यानं शेजाऱ्यांना काहीच सांगितलं नव्हतं, हे मार्तंडच्या आत्ता लक्षात आलं.

मार्तंड उभा राहिला. "मशीननं नाही खाल्ली मावशी. मी पुसली."

"तू? काहून?"

"लोक हिला हसले, तर मीही हसलो. आणि मग हिचा चेहरा पुसून दुसरीचा लावला."

त्याचे कान पुन्हा तापले, पण या वेळी त्यानं मान खाली घातली नाही. पार्वतीबाईंनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मोठा वाईट आहे रे तू," त्या म्हणाल्या. मग टीव्हीकडे वळल्या. "लाव आता पुन्हा. आन ते झाड काढ मधातलं."