सर्व्हरबाई दाराबाहेर

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. कागदोपत्री हुद्दा लांबलचक होता, पण तो उच्चारायला सवड कोणाला? वरच्या मजल्यावर तिचं एक दणकट मशीन होतं आणि त्या एकात सॉफ्टवेअरने उभी केलेली सात आभासी मशीनं नांदत होती. एक केसपेपरांचं, एक औषधांचं, एक तपासणीच्या फोटोंचं, अशी. आता त्या यजमान मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या कंपनीला बोलावू, ते सगळंच उचलून नेतील आणि तिकडून चालवतील. दहा वर्षं सर्व्हरबाईने ते मशीन जिवापाड सांभाळलं होतं.

"न हलवता, आहे तिथेच सिस्टिम बदलून देते," ती ठासून म्हणाली. "रविवारी चारला शाळेची मुलं तपासणीला येतात, त्याआधी."

"चारला केसपेपर उघडले नाहीत, तर सोमवारी कंपनी येईल," डॉक्टर म्हणाले.

रविवारी तिने पहिलं काम शहाण्यासारखं केलं, सगळ्याची प्रत बाजूला काढून ठेवली. दुसरंही शहाण्यासारखंच केलं, सातही मशीनं एकेक करून बंद केली. मग अपग्रेड सुरू केलं आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. अडीचला नवरा डबा घेऊन वर आला. तो खाली चष्म्यांच्या काउंटरवर असतो. सर्व्हरबाईने वायरलेस कीबोर्ड काखोटीला मारला. सफाईवाल्या मावशींनी एकदा मनोभावे कीबोर्ड पुसला होता आणि धुळीबरोबर बरंच काही पुसलं गेलं होतं, तेव्हापासून काम चालू असताना ती तो कधीच मागे ठेवत नसे. ती बाहेर आली. दार आपसूक लागलं.

जेवून तिने दाराला कार्ड टेकवलं. दिवा लागला नाही. पुन्हा टेकवलं. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. दाराला 'उघड' म्हणून सांगणारं मशीन त्या सातांपैकीच एक होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने झोपवलं होतं.

दाराच्या काचेतून खोलीच्या दुसऱ्या टोकाचा पडदा दिसत होता. ओळी थांबल्या होत्या. मशीन काहीतरी विचारून उत्तराची वाट पाहत बसलं होतं.

"कीबोर्ड तुझ्याकडेच आहे की," नवरा म्हणाला. "दाब काहीतरी."

"काहीतरी कसं दाबू, अहो? नेटवर्कची जुनी फाइल ठेवू का, असं विचारत असेल तर एन्टर. भलतंच विचारत असेल तर माझं कल्याण."

नवरा खाली गेला आणि नंबर तपासायच्या भिंगांची पेटी घेऊन आला. अधिक पाचचं भिंग त्याने काचेजवळ धरलं, उणे वीसचं डोळ्याजवळ, मधे वीतभराहून थोडं कमी अंतर. घरच्या घरी दुर्बीण तयार.

"वाचा," ती म्हणाली. "आता नीट दिसतंय?"

"हे वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "पुसट आहे गं. थांब. फाइलचं नाव वाचतो."

त्याने एकेक अक्षर सांगितलं. नेटवर्कचीच फाइल.

"शेवटच्या ओळीत कंसात काय आहे?"

"एन."

"एच नाही ना?"

"बारा वर्षं लोकांना हीच अक्षरं वाचायला लावतोय मी. एन आहे."

नुसतं एन्टर दाबलं की कंसातलंच उत्तर जातं, आणि एन म्हणजे जुनी फाइल राहणार. तिने एन्टर दाबलं. ओळी पुन्हा धावल्या. तिला एकदम भरून आलं. तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही, असं म्हणणारा हा माणूस तिच्यासाठी दाराला नाक लावून उभा होता.

आणखी दोनदा मशीनने विचारलं, दोनदा त्याने वाचलं. साडेतीनला पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. तिने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मग पडद्यावर नव्या सिस्टिमचं नाव आलं आणि सातही मशीनं आपोआप जागी होऊ लागली.

चारला दहा कमी असताना मोठे डॉक्टर जिना चढून आले. सर्व्हरबाईने कार्ड टेकवलं. दार उघडलं. आत जाऊन तिने पहिल्या मुलाचा केसपेपर उघडून दाखवला आणि दाराचा प्रतापही लपवला नाही. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मग कंपनीला काय कळवू?"

सर्व्हरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंगं पुसून पेटीत ठेवत होता.

"कळवा," ती म्हणाली, "इथे आम्ही दोघं आहोत."